सगळ्यांचा डावा हात

काटेवाल्यांचं उभं आयुष्य श्वास रोखण्यात गेलं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. धंदाच तसा होता. औषधवाले, सोनार, प्रयोगशाळा अशांचे नाजूक तराजू त्यांच्या दुकानात दुरुस्तीला यायचे. काचेच्या पेटीचं दार वर सरकवायचं, चिमट्याने प्रमाण वजन पारड्यात ठेवायचं, आणि काटा थरथरत जागेवर येऊन थांबेपर्यंत छातीतली हवा छातीतच ठेवायची. नुसता सुस्कारा टाकला तरी काटा बावचळतो. बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या काट्याचीच मर्जी जास्त सांभाळता तुम्ही." त्यावर ते म्हणायचे, "काटा उलट बोलत नाही."

आता उलट बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ती गेली ती एका सकाळी, अचानक, बशी विसळता विसळता. त्यानंतर तीन आठवड्यांनी काटेवाल्यांचा श्वास अडकला.

दुकानातच अडकला. समोर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा तराजू होता आणि औषधवाला स्वतः स्टुलावर बसून होता. सवयीप्रमाणे त्यांनी श्वास धरला, काटा स्थिरावला, आणि पाहतात तो श्वास सुटेना. छातीवर कुणी वजनांची अख्खी पेटी आणून ठेवावी तसं झालं. बोटांना मुंग्या आल्या, कानात घूं असा आवाज सुरू झाला, आणि आपण आता या टेबलाखाली मरणार हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं. औषधवाल्याने धावपळ करून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे तारा जोडून झाल्या, रक्त काढून झालं, आणि त्यांच्या लेकीपेक्षाही लहान दिसणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हृदय ठणठणीत आहे. ही भीती आहे. माणूस गेल्यावर होतं असं."

"मी कशाला घाबरतोय!" काटेवाले चिडले.

"ते मला कसं कळणार? पण तुमच्या अंगाला ठाऊक आहे."

दुसऱ्यांदा झालं ते स्वयंपाकघरात, लेकीशी फोनवर बोलताना. तिला पलीकडून फक्त काहीतरी पडल्याचा आवाज ऐकू आला. चार तासांची वाट तिने तीन तासांत कापली आणि दारातून आत आली तेव्हा तिच्या हातात गाडीची किल्ली तशीच मुठीत आवळलेली होती.

लेक एका बस कंपनीत वेळापत्रकं आखायची. आई गेल्यावर तिने सगळं एकहाती निस्तरलं होतं: कागदपत्रं, फोन, आलेल्यांचा चहा, आईच्या कपड्यांची कपाटं. काही चुकलं नाही, काही राहिलं नाही, आणि तिचे डोळे एकदाही ओले झालेले कुणी पाहिले नाहीत. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. काटेवाल्यांना ते ऐकून बरं वाटलं नव्हतं, पण का ते सांगता आलं नसतं.

"बाबा, स्पष्ट बोलते," ती म्हणाली. "आणखी एकदा जरी असं झालं तरी दुकान बंद, आणि तुम्ही माझ्याकडे. मी माझी पुस्तकांची खोली रिकामी करून ठेवलीये."

"उचलून नेणार मला? मी काय कपाट आहे?"

"कपाट असतात तर मला झोप लागली असती."

लेक बोलते ते खरं करते, हे त्यांना ठाऊक होतं. ती गेल्यावर ते दुकानात जाऊन बसले. टेबल, भिंग, चिमटे, मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. हे सुटलं तर आपण लेकीच्या खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजणार, आणि जावई बिचारा रोज विचारणार, "बाबा, काही हवंय का?" त्यांना धडकी भरली. आणि धडकी भरल्याबरोबर छातीत काहीतरी पुन्हा आवळल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांना आणखी धडकी भरली. आता श्वासावर पाळत ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. ज्याने श्वासावर पाळत ठेवून पाहिली आहे त्याला कळेल, की याहून वाईट उपाय नाही.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या शिपायाचा फोन आला. वरच्या सभागृहाच्या कपाटात बाईंची चटई आणि शाल आहे, ती घेऊन जावी.

वाचनालयाच्या त्या सभागृहात त्यांची बायको बावीस वर्षं योगासनांचा वर्ग घेत होती. रोज पहाटे उठून, साडेसहाला, सहसा न चुकवता. काटेवाले त्याला सर्कस म्हणायचे. "जा, तुझी सर्कस खोळंबली असेल," असं पांघरुणातून म्हणायचे आणि कूस बदलायचे. बावीस वर्षांत त्यांनी तो जिना एकदाही चढला नव्हता. आता चढले तेही चुकीच्या वेळी. बाई गेल्या म्हणजे वर्ग बंद झाला असणार अशा समजुतीने ते सकाळी पावणेसातला पोचले, दार ढकललं, आणि आत तेरा माणसं एका पायावर उभी होती.

"दार लावा, वारा येतोय," समोरची एक उंच, पिकल्या केसांची बाई न हलता म्हणाली. "आणि चपला बाहेर."

ती निवृत्त नर्स होती. आता तीच वर्ग चालवत होती. तिच्या मागे पोटाचा नगारा असलेले एक गृहस्थ जिवाच्या आकांताने तोल सावरत होते. हे पूर्वी बस चालवायचे, आणि वर्गात सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत.

"मी फक्त चटई न्यायला आलोय," काटेवाले म्हणाले.

"बाईंची? म्हणजे तुम्ही काटेवाले." नर्सबाईंनी पाय खाली ठेवला. सगळ्यांनी ठेवला. "चटई कपाटात आहे. पण ती नुसती न्यायची नसते. अंथरा."

"मला यातलं काही येत नाही."

"मलाही येत नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले. "नऊ वर्षं झाली. माझ्या शेजारी या, म्हणजे तुमचं बरं दिसेल."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण नर्सबाईंनी तोवर चटई आणून पसरलीसुद्धा. निळी, टाचांच्या जागी विरलेली. काटेवाले तिच्यावर चोरासारखे उभे राहिले. वाका म्हटल्यावर वाकले, जेमतेम गुडघ्यांपर्यंत. शेवटी सगळे उताणे झोपले तेव्हा तेही झोपले. छताकडे बघत त्यांनी श्वास घेतला आणि मग, चाळीस वर्षांची सवय, धरून ठेवला.

नर्सबाई पावलांचा आवाज न करता जवळ येऊन बसल्या. हळू म्हणाल्या, "काटेवाले, कधीचा घेतलाय. सोडा की. कुणी पळवून नेणार नाही."

त्यांनी सोडला. तो इतका वेळ बाहेर जात राहिला, की एवढी हवा आत होती कुठे याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवून ते झोपले आणि सहा वाजता चपला शोधत होते. घरात एकटं जागं होण्यापेक्षा तेरा माणसांत वेडंवाकडं वाकलेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. ताठ उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे होते. मागच्या रांगेतून त्यांना तेरा पाठी दिसत होत्या. तेराही उजवे हात सरळ वर, दंड कानाला टेकलेला. आणि तेराही डावे हात कानापाशी पोचण्याआधीच थांबलेले, कोपरात किंचित मुडपून, खिडकीला पडदा लावताना शेवटची कडी हाताला येत नाही तसे. एकाचा राहिला तर समजू शकतो. दोघांचा राहील. तेरा जणांचा?

दिवसभर दुकानात त्यांना दुसरं काही सुचेना. आणि दुपारी, भिंगातून एका सोनाराची वजनं बघताना, उत्तर समोर येऊन उभं राहिलं. त्यांच्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल: एका तराजूत फरक आला तर तराजू बिघडलेला असतो, पण सगळेच तराजू एकसारखा फरक दाखवू लागले, तर ज्या वजनावरून ते लावले त्या वजनातच फरक असतो.

अकरा वर्षांपूर्वी ती शिडीवरून पडली होती. डावा खांदा मोडला, जुळला, पण पुरता जुळला नाही. तो हात त्यानंतर कानापर्यंत कधी गेला नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती त्यांना हाक मारायची. आणि वर्गात ती सगळ्यांकडे पाठ करून उभी राहायची, म्हणजे बघणाऱ्यांचं डावं-उजवं चुकू नये. माणसं तिच्या पाठीकडे बघत आली, आणि तिने केलं तसं करत आली. जुन्यांनी तिचं पाहून हात खाली घेतला, नव्यांना तो तसाच मिळाला. प्रमाण वजन ती होती.

काटेवाल्यांनी भिंग खाली ठेवलं आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

त्यांनी जन्मात कधी फरक दिसला आणि सोडून दिला असं केलं नव्हतं. केसाइतका फरक असला तरी तराजू परत खोलायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी हे सांगून टाकायचं असं ठरवूनच ते गेले. तुमचे खांदे धडधाकट आहेत, हात पुरा वर न्या. हात वर घेऊन झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. ड्रायव्हरकाकांनी मान वळवून विचारलं, "काय झालं? चमक भरली?"

"नाही," काटेवाले म्हणाले. "ठीक आहे."

आणि ते तसंच राहू दिलं.

दिवस जात राहिले. लेकीने फ्रिजवर एक तक्ता लावला होता. औषध, जेवण, फिरणं आणि रात्री नऊचा फोन. त्यात वर्गासाठी जागा नव्हती, आणि काटेवाल्यांनी तिला सांगितलंही नव्हतं. सर्कशीत भरती झालो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

जादू काही झाली नाही. पहिल्या महिन्यात फक्त मांड्या दुखल्या. मग एकदा लक्षात आलं की रात्री मधे जाग आली नाही. मग एकदा एका सोनाराने नेहमीसारखी घाई केली, "अहो, अजून झालाच नाही का?" आणि नेहमीसारखं खेकसण्याऐवजी त्यांनी त्याला खुर्ची दिली. सोनार इतका दचकला की बसलाच नाही. भाजी नीट चिरून शिजवावी असं वाटू लागलं. आणि एका सकाळी, शेवटी उताणं पडलेले असताना, काही कारण नसताना डोळ्यांतून पाणी येऊन कानांत शिरू लागलं. श्वास अडकला नाही. रडणंही येत होतं आणि श्वासही येत-जात होता, दोन्ही एकाच वेळी. हे असं होऊ शकतं हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं.

ड्रायव्हरकाकांनी डोळे मिटल्या मिटल्या शेजारून आपला रुमाल सरकवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "धुतलेला होता हो. उगाच शंका नको."

त्या दिवशी जिन्यात नर्सबाईंनी त्यांना थांबवलं. "अडकतो का अजून?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चाळीस वर्षं लोकांचे श्वास मोजलेत मी. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हाच कळलं. बाईंसारखंच."

"कुणासारखं?"

नर्सबाई जरा गोंधळल्या. "बाईंना व्हायचं ना ते. मुलगी लहान असताना, त्यांची आई गेली त्यानंतर. रस्त्यात, बाजारात, कुठेही. भिंत धरून उभ्या राहायच्या म्हणे. म्हणून तर त्या हे शिकल्या. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, लाजू नका, मीही यातून गेलेय. तुम्हाला माहीत नाही?"

काटेवाले कठड्याला धरून राहिले. त्यांना माहीत नव्हतं. ते त्या घरात होते, त्याच खोल्यांत, त्याच वर्षांत. ती शांत स्वभावाची आहे असंच ते लोकांना कौतुकाने सांगत आले होते. जणू काही ती शांतता तिला डोळ्यांच्या रंगासारखी जन्मतः मिळालेली होती. ती तिने कमावलेली होती. रोज पहाटे, थंडीत, अंधारात चपला घालून, ते कूस बदलत असताना. आणि स्वतःपुरती ठेवली नाही, भेटेल त्याला वाटत गेली.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"विचारलं होतं मी एकदा," नर्सबाई म्हणाल्या. "तर हसल्या. म्हणाल्या, ते काट्यात असतात, हलले तर बिघडेल."

यावर रागवावं की हसावं, ते त्यांना उमगेना. घरी गेल्यावर त्यांनी दोन्ही केलं.

नर्सबाईंनी त्यांना एक गोष्ट घोटून शिकवली. अडकला असं वाटलं की आत ओढायला जायचं नाही, बाहेर सोडायचा. "माणूस हवा कमी पडली म्हणून तडफडत नाही, काटेवाले. जुनी सोडत नाही म्हणून नवीला जागा नसते. आत चार आकडे, बाहेर आठ. आणि हे झटका आल्यावर शिकता येत नाही. रोज करून ठेवायचं, काही होत नसताना." मग ते रोज करू लागले. दुकान उघडण्याआधी, कुलपात किल्ली घालून, रस्त्याकडे पाठ करून, आठ आकड्यांपर्यंत.

तिसरा झटका आला तो एका गुरुवारी. औषधवाल्याचाच तराजू, तेच टेबल. काटा स्थिरावला आणि छातीवर ती पेटी येऊन बसली. मुंग्या, घूं असा आवाज, सगळं बिनचूक. दुकानात या वेळी कुणी नव्हतं. काटेवाल्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. पळायचं नाही. तोंडाने सोडायला सुरुवात केली. पहिल्यांदा तीनपर्यंतच गेले. पुन्हा. पाचपर्यंत. समोर उघड्या पेटीत काटा त्यांच्या श्वासाने वेड्यासारखा नाचत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला नाचू दिलं. सहा. भीती होतीच, पण ती आता त्यांच्या शेजारी बसली होती, मानगुटीवर नव्हती. आठ. हळूहळू आवाज विरला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली ती ऐकू आली. पाच मिनिटं झाली असतील. त्यांनी पेटीचं दार लावलं, पाणी प्यायले, आणि तराजू पहिल्यापासून लावायला घेतला.

रात्री नऊला फोन वाजला.

"आज कसं होतं?" लेकीने विचारलं.

ठीक, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण केसाइतका फरक लपवणं या माणसाला जमत नव्हतं, आणि हा केसाइतका नव्हता.

"आज आला होता," ते म्हणाले. "आला आणि गेला."

मग ती म्हणाली, "शनिवारी सकाळी येते मी. सामान मी भरेन, तुम्ही काही उचलू नका."

"अगं, गेला ना तो. मी घालवला."

"बाबा, आपलं ठरलं होतं."

ठरलं होतंच. शुक्रवारचा दिवस त्यांनी दुकानात एकेका वस्तूवरून हात फिरवत काढला. राग आला नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं.

शनिवारी ती सहाला दारात हजर. डोळ्यांखाली काळं, केस घट्ट बांधलेले, हातात दोन रिकाम्या बॅगा.

"बॅगा ठेव तिथे," काटेवाले म्हणाले. ते कपडे घालून तयार होते. "आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी चल. तासाभराचं काम आहे. मग तू म्हणशील तसं."

"कुठे?"

"सर्कशीत."

तिने बॅगा हळूच खाली ठेवल्या. आई गेल्यापासून हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

सभागृहात नर्सबाईंनी तिला चटई देऊ केली, पण तिने मान हलवली आणि मागे भिंतीशी खुर्चीवर बसली. फोन काढला. शनिवारी दोन मार्गांवर चालक कमी होते, ते तिला बसवायचे होते. तिचं फोनवरचं बोलणं ऐकून ड्रायव्हरकाका काटेवाल्यांच्या कानाशी लागले, "मालकीणबाई दिसतायत. आज पोट आत घ्यावं लागणार."

"दोन्ही हात वर," नर्सबाई म्हणाल्या.

काटेवाल्यांनी हात वर केले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोन खाली पडल्याचा.

त्यांनी वळून पाहिलं. लेक उभी होती आणि त्या पाठींकडे बघत होती. तेरा डावे हात, कानाअलीकडे थांबलेले, कोपरात किंचित मुडपलेले. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तो हात तिने सकाळी वेणी घालताना, दारात निरोप देताना, गाडी वळेपर्यंत हलताना पाहिलेला होता. मग तिची नजर वडिलांकडे आली, आणि काटेवाल्यांना त्या क्षणी कळलं की आपलाही डावा हात तिथेच थांबलेला आहे. कधीपासून, कोण जाणे.

"आई," ती म्हणाली. कुणाला हाक मारल्यासारखं नाही. नुसतं.

आणि तिचा श्वास अडकला. त्यांना तो ओळखू आला. उघडं तोंड, वर चढलेले खांदे, मुठीत गोळा झालेली बोटं. ते हात खाली टाकून तिच्याकडे गेले. धावले नाहीत. तिला निळ्या चटईवर बसवलं आणि तिच्यासमोर मांडी घालायचा प्रयत्न केला. गुडघा कुरकुरला, तशीच घातली.

"घेऊ नकोस," ते म्हणाले. "सोड."

ती मान हलवत होती, जमत नाही म्हणून.

"जमेल. थोडा सोड. माझ्याबरोबर. मीही सोडतोय." आणि ते आवाज करून, सावकाश, तिला दिसेल असा श्वास सोडत राहिले. तीनपर्यंत. मग चार. सातव्या की आठव्या खेपेला तिच्या घशातून एक आवाज फुटला आणि चार महिने कपाटांत, कागदांत, तक्त्यांत घडी घालून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखी हमसून हमसून रडली.

"पाय पसरा आणि आडवे व्हा सगळे," नर्सबाई शांतपणे वर्गाला म्हणाल्या. "इकडे बघण्यासारखं काही नाही. रोजचंच आहे."

रडता रडता तिला झोप लागली. वर्ग संपला, माणसांनी आवाज न करता चटया गुंडाळल्या, कुणीतरी खिडकी लोटून घेतली. बाईंची शाल नर्सबाईंनी तिच्या अंगावर टाकली. ड्रायव्हरकाका चपला हातात घेऊन चवड्यांवर बाहेर गेले. तेवढं पोट घेऊन चवड्यांवर चालणं हे त्यांचं नऊ वर्षांतलं सर्वांत अवघड आसन असावं.

काटेवाले शेजारी बसून राहिले. दुकान उघडायची वेळ टळून गेली. खाली वाचनालय उघडल्याचा, खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. नऊच्या सुमारास तिने डोळे उघडले.

"किती वेळ झाला?"

"झाला असेल."

"मी कधीपासून नीट झोपलेच नव्हते, बाबा." ती छताकडे बघत म्हणाली. "ऑफिसातही होतं मला हे. बाथरूममध्ये जाऊन उभी राहते, भिंत धरून. कुणाला सांगितलं नाही."

"आई पण भिंत धरूनच उभी राहायची," काटेवाले म्हणाले.

ती कोपरावर उठून बसली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिच्या आईचं, बाजारातल्या भिंतींचं, पहाटे घातलेल्या चपलांचं. सांगताना त्यांचा आवाज दोनदा बसला आणि दोनदा त्यांनी तो परत उभा केला. लेक ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही गुरुवारी हेच केलंत? तराजूसमोर?"

"हेच. काटा नुसता थयथयत होता. तू बघायला हवं होतंस."

ती हसली, नाक पुसत. शालीची कड बोटांत घेऊन उलगडत, दुमडत राहिली.

"बॅगा रिकाम्याच परत नेते," ती म्हणाली.

काटेवाल्यांनी मान खाली घातली, कारण चेहरा आवरेना.

"पण बाबा, तुम्ही याल का? राहायला नाही. आठ दिवस. मला एकटीला नाही जमायचं हे पहिल्यांदा. कुणीतरी समोर बसून आकडे म्हणायला हवं."

त्यांनी विचार केला. औषधवाल्याचा तराजू मंगळवारी द्यायचा होता.

"बुधवारी येतो," ते म्हणाले.

"किती वाजता निघाल?"

"वर्ग झाल्यावर."